डिकी लागली की लावली?

१

“किल्ल्या आत राहिल्या आणि डिकी लावली!”

खालच्या पार्किंगमधून सासऱ्यांचा आवाज आला तेव्हा सूनबाई ओट्यावर उतू गेलेलं दूध पुसत होती. डिकीला शेवटचा हात तिचाच लागला होता.

फडकं हातात तसंच धरून ती जिना उतरली. पार्किंगच्या अंधारलेल्या कोपऱ्यात सासऱ्यांची निळी गाडी उभी होती. गाडी कसली, घरातलं थोरलं अपत्यच. सूनबाईच्या नवऱ्यापेक्षा वयानं मोठी आणि लाडही तिचेच जास्त. सासरे गाडीच्या मागे उभे होते, एक हात डिकीवर, दुसरा सदऱ्याच्या खिशातल्या चष्म्याच्या डबीवर. शेजारी नणंद. आत्ताच टॅक्सीतून उतरलेली, पर्स अजून खांद्यालाच.

“अगं, काय केलंस हे?” नणंद म्हणाली. “तेही नेमकं आज?”

आज सासूबाई घरी येणार होत्या. मध्यंतरी याच गाडीतून उतरताना त्या गटाराच्या कडेला पडल्या आणि खुब्याचं हाड मोडून बसल्या. ऑपरेशन झालं, आठवड्यांमागून आठवडे हॉस्पिटलात गेले. आज दुपारच्या आत न्यायला या, असा निरोप होता. आणि सासऱ्यांनी अख्ख्या इमारतीला ऐकवून ठेवलं होतं, “माझ्याच गाडीतून घरी आणणार तिला.”

“ताई, मी किल्ल्या कुलपातच ठेवल्या होत्या,” सूनबाई म्हणाली. “वॉकर ठेवला, उशी ठेवली, तेवढ्यात दूध आठवलं. डिकी उघडी टाकूनच वर पळाले. जुडगा कुलपाला लटकत होता.”

“नक्की?”

नक्की म्हणायला तिनं तोंड उघडलं आणि जीभ अडखळली. घरात तिचं नावच ‘धांदल’ पडलेलं. टीव्हीचा रिमोट फ्रीजमध्ये ठेवणारी ती. कुकरची शिट्टी पर्समध्ये घालून लग्नाला जाणारीही तीच. स्वतःचाच भरवसा नसलेल्या माणसानं छातीठोकपणे सांगायचं तरी काय?

पण सासरे तिच्याकडे बघतच नव्हते.

“वॉकर?” ते म्हणाले. “वॉकर आत आहे?”

आणि बघता बघता त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

२

नवरा ओल्या केसांनी खाली आला. त्यानं डिकी ओढून बघितली, थोपटून बघितली, शेवटी एक गुद्दा घालून बघितला. डिकी ढिम्म. दारंही चारही बंद, कारण सासरे गाडी कुलूपबंद ठेवल्याशिवाय झोपत नसत.

“दुसरी किल्ली होती ना, बाबा?”

“हरवली ती. केव्हाच.” सासऱ्यांचा हात पुन्हा चष्म्याच्या डबीवर गेला. “जाऊ दे. टॅक्सी बोलवा. त्यात एवढं काय?”

सगळे बघतच राहिले. कालपर्यंत टॅक्सीचं नाव काढलं की अंगावर येणारा माणूस!

“टॅक्सीनं जाऊ हो, पण वॉकरचं काय?” नवरा म्हणाला. “वॉकर घेऊन या, आईला चालवून बघू, मगच सोडू, असं तिथल्या व्यायामवाल्या बाईंनी बजावलंय. आणि आज रविवार, वॉकरचं दुकान बंद.”

“मग फोडा डिकी.”

“फोडू? तुमच्या गाडीची?”

सासरे मान खाली घालून जिना चढून गेले, एकेक पायरी पायानं चाचपत. गुडघे दुखत असतील, असं सूनबाईला वाटलं.

नवरा मेकॅनिकला फोन लावायला बाजूला गेला तसं नणंदेनं मनातलं बाहेर काढलं. “हे बघ, राग मानू नकोस. आईला मी माझ्याकडे नेते. वेळेवर गोळ्या, वेळेवर व्यायाम, रात्री उठवून बाथरूमला नेणं, हे तुझ्या भरवशावर कसं सोडायचं? आज किल्ल्या राहिल्या. उद्या गॅस राहील.”

“ताई, असं नका ना करू.”

“मी काही मुद्दाम करतेय का? मला आईची काळजी आहे.”

सासूबाई या घरात सूनबाईच्या एकट्या पाठीराख्या होत्या. त्या शिट्टीच्या प्रकरणात सगळे हसायला लागले तेव्हा सासूबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या, “अरे, ती मीच टाकली तिच्या पर्समध्ये. माझाच वेंधळेपणा.” चक्क खोटं बोलल्या होत्या. आणि नंतर स्वयंपाकघरात दोघी पोट धरधरून हसल्या होत्या. सासूबाई नसताना घर तिला खायला उठत होतं. त्यांच्यासाठी तिनं खिडकीजवळचा पलंग लावला होता, चादर दोनदा बदलली होती. आता एका डिकीपायी त्या दुसऱ्याच घरी जाणार. आणि आपण आपटली नाही डिकी, हे ठामपणे सांगायचीही सोय नाही!

तेवढ्यात मेकॅनिक आला. आल्या आल्या त्यानं डिकीच्या कुलपावर बॅटरीचा झोत टाकला आणि शीळ घातली.

“ताई, हे बघितलंत का? इथं कुणीतरी चोरानं हात मारलाय.”

३

कुलपाच्या भोकाभोवती ओरखडेच ओरखडे होते. काही जुने, गंजलेले. काही अगदी ताजे, खालचा पत्रा चमकत होता.

“भोकात न घालता भोवतीच घासलीये किल्ली,” मेकॅनिक म्हणाला. “नवशिका चोर दिसतोय.” त्यानं ड्रायव्हरच्या दारावर झोत टाकला. तिथंही तेच.

“चोर कसला,” नवरा सूनबाईच्या कानाशी लागला. “याचाच डोळा आहे गाडीवर. विका विका म्हणून बाबांच्या मागे लागलाय.”

पण मेकॅनिक कामाला मात्र वाघ होता. जुन्या गाड्यांना पुढच्या दाराशी एक छोटी तिकोनी काच असते, तिची खिट्टी त्यानं तारेनं सरकवली, हात आत घालून दाराचं बटण वर केलं. मागची सीट उपसून बाहेर काढली. तिच्यामागे एक पुठ्ठा होता, तो कोपऱ्यातून सोडवून वाकवला. डिकीत जायला एक फट झाली. त्या फटीतून मेकॅनिकचा हात कोपराला अडकला. नवऱ्याचा तर मनगटालाच.

“मी बघते,” सूनबाई म्हणाली.

ती गाडीत पालथी पडली आणि खांद्यापर्यंत हात त्या काळोखात घातला. नाकात धूळ, पेट्रोलचा वास, गालाला टोचणारा पत्रा. बोटांना आधी वॉकरचा गार पाय लागला. मग उशी. मग पुन्हा वॉकर, तो डिकीभर आडवा पसरलेला. देवा, इथं नसू देत, ती मनात म्हणत होती. बाहेर कुठंतरी पडलेल्या असू देत. चोरानं नेलेल्या असू देत.

आणि वॉकरच्या दांड्यांमध्ये बोटांना जुडगा लागला.

“सापडल्या?” बाहेरून नणंदेचा आवाज.

“सापडल्या,” ती म्हणाली. कुणी किल्ल्या सापडल्यावर रडतं का? तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

“बघ! होत्या ना आतच?” नणंद म्हणाली. आवाजात राग नव्हता, हेच जास्त लागलं. किल्लीनं डिकी उघडून वॉकर बाहेर काढला. नणंद तो घेऊन वर गेली, नवरा हॉस्पिटलला फोन करत तिच्यामागून. मेकॅनिक सीट परत बसवून हात धुवायला नळावर गेला. गाडीपाशी सूनबाई एकटी उरली.

तिला त्या डिकीचा असा काही संताप आला की तिनं दोन्ही हातांनी झाकण धरलं आणि जीव खाऊन आपटलं.

धाडकन आवाज झाला. आणि झाकण शहाण्यासारखं परत वर आलं.

४

तिनं पुन्हा आपटलं. पुन्हा वर. वर बसून दाबलं, उठल्याबरोबर वर.

आणि मग तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. लग्नानंतरचे पहिले दिवस. बाजारातून आल्यावर तिनं ही डिकी अशीच आपटली होती आणि सासरे कळवळून म्हणाले होते, “अगं, आपटू नकोस! ही डिकी लागत नाही, लावावी लागते. किल्ली फिरवून. आणि लागणं आणि लावणं यात फरक आहे बरं का.”

फरक सांगणारा माणूसही साधासुधा नव्हता. उभी हयात छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेलेली. काना-मात्रा चुकली की त्यांना जेवण जात नसे. बोलतानाही कुणी चुकीचा शब्द वापरला की ते हात वर करून म्हणायचे, “चूक!” आणि दुरुस्त करूनच पुढे जायचे. मुलाच्या लग्नपत्रिकेचं प्रूफ त्यांनी इतक्यांदा परत पाठवलं होतं की लग्न पुढे ढकलावं लागतं की काय, असं झालं होतं.

“दादा,” तिनं नळावरून आलेल्या मेकॅनिकला विचारलं, “या डिकीची स्प्रिंग?”

“ती केव्हाच तुटलीये. साहेब म्हणतात राहू दे. का हो?”

“काही नाही.”

काही नाही कसं? सगळंच होतं! डिकी आपटून बंद होतच नसेल, तर ती कुणीतरी किल्लीनं लावली होती. आणि जुडगा तर आत. म्हणजे लावणाऱ्याकडे दुसरी किल्ली होती, हरवलेली, केव्हाची. धांदरटपणा नव्हताच हा. शुद्धीवर असलेल्या, ठरवून वागणाऱ्या माणसाचं काम होतं.

मी नाही केलं! तिला गच्चीवर जाऊन ओरडावंसं वाटलं. पण मी नाही, तर मग कोण? घरातलंच कुणीतरी. आणि ते कुणीतरी गप्प बसून तिच्यावर खापर फुटताना बघत होतं.

५

पहिली भेटली नणंद. जिन्यात, वॉकर पुसत बसलेली.

“ताई, तुम्ही आलात तेव्हा खाली कोण होतं?”

“बाबाच. दुसरं कोण?” तिचा आवाज मऊ झाला. “डिकीवरून हात फिरवत उभे होते गं. मायेनं. मी हाक मारली तर दचकलेच. आईच्या आठवणीनं हळवे झालेत बिचारे. मग बघितलं, तर डिकी बंद.”

“तुमच्याकडे कधी होती का हो या गाडीची किल्ली?”

“मला बाबांनी कधी हॉर्न वाजवू दिला नाही, किल्ली कसली देतात!” आणि मग, नजर चुकवत, “मी आईला नेणार म्हणतेय म्हणून तुला माझा संशय येतोय का?”

येत होता, खोटं कशाला बोला. पण नणंद टॅक्सीतून उतरली तेव्हा सासरे गाडीपाशीच होते. त्यांच्यादेखत तिला डिकी लावणं शक्यच नव्हतं.

दुसरा मेकॅनिक. तो गाडी मागत होता खरा, पण गाडी हवी असलेला माणूस ती बंद कशाला पाडेल? आणि फोन केला तेव्हा तो घरी झोपलेला होता, उशीची वळी अजून गालावर होती.

तिसरा नवरा. तो कपाट उघडून शर्ट शोधत होता.

“खरं सांग. ही गाडी निघू नये असं तुला वाटत होतं ना?”

“वाटत होतं. भंगारात द्यायची वेळ झालीये तिची. म्हणून मी डिकी लावीन? मी आंघोळीला होतो, तूच टॉवेल दिलास.” ते खरं होतं. तो थकलेला होता आणि थकलेला माणूस वाट्टेल ते बोलतो. “आणि अगं, घाईघाईत माणसाकडून किल्ल्या राहतात, मान्य. पण तो चकचकीत वॉकर डिकीभर आडवा पडलाय, आईला आज तोच हवाय, आणि तू वर डिकी लावतेस? आंधळी आहेस का तू?”

सूनबाई दारातच थबकली.

“काय म्हणालास?”

“सॉरी. रागात गेलं तोंडून.”

“नाही, नाही,” ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच लांबून आल्यासारखा वाटला. “बरोबर बोललास तू.”

६

सासरे बाहेरच्या खोलीत आरामखुर्चीत बसले होते. मांडीवर आजचा पेपर, घडीसुद्धा न मोडलेला.

आंधळी आहेस का तू. म्हणजे ज्यानं डिकी लावली, त्याला वॉकर दिसलाच नव्हता. सूनबाई दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली आणि एकेक गोष्ट, नको नको म्हणताना, आपसूक जागेवर येऊन बसायला लागली.

‘वॉकर आत आहे?’ हे विचारताना पांढराफटक पडलेला चेहरा. कुलपाभोवतीचे ओरखडे चोराचे नव्हते. ज्याला भोक दिसत नाही आणि जो ते किल्लीनं चाचपतो, त्याचे होते ते. नणंदेला जी माया वाटली, ते नुसतं कुलूप शोधणं होतं. आणि डिकी बंद असताना, जुडगा कुठे दिसत नसताना, दुसरा कुणीही आधी विचारेल, ‘किल्ल्या कुणी घेतल्या?’ हे पहिल्याच दमात ओरडले होते, ‘किल्ल्या आत राहिल्या.’ यांना कसं कळलं?

आणि पुढचा शब्द. ‘डिकी लावली.’ डिकी आपटून बसली असती तर कुणीही म्हटलं असतं की डिकी लागली. शब्दावरून भांडणारा हा माणूस ऐन घाईत, ऐन खोटेपणातही बरोबर शब्दच बोलून गेला होता.

कोपऱ्यात रद्दीचा ढीग होता. तिनं हळूच खालचे जुने पेपर उपसले. पानोपानी लाल पेन्सिलीच्या खुणा. वर, अलीकडचे पेपर कोरे. “बाबा, हल्ली चुका सापडत नाहीत वाटतं?” असं तिनं मध्ये चेष्टेनं विचारलंही होतं. “सुधारले लेकाचे,” ते म्हणाले होते. टेबलावर लाल पेन्सिल टोक काढून तशीच पडलेली, टोक जराही न झिजलेलं.

मग फोन वाजला. सासूबाई होत्या.

“अगं, किती वेळ? हे ऐक, टॅक्सीनंच या. ह्यांना गाडी काढू देऊ नकोस हं.” त्यांचा आवाज खाली आला. “मी शेजारी नाहीये ना.”

मी शेजारी नाहीये ना!

गाडीत बसल्यावर सासूबाईंच्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा. अहो, लाल लागला बघा. अहो, ती मोटारसायकल बघितलीत का, कशी डावीकडून घुसतेय. अहो, म्हातारे गृहस्थ रस्ता ओलांडतायत, किती हळू चालतात नाही? सगळे हसायचे, स्टिअरिंग बाबांच्या हातात आणि गाडी चालवते आई. कुणालाच कळलं नव्हतं की ते शब्दशः खरं आहे. सासऱ्यांचे डोळे इतके दिवस हॉस्पिटलात पडून होते. म्हणूनच त्यानंतर गाडी एकदाही बाहेर निघाली नव्हती. आणि गटाराच्या इतक्या कडेला गाडी कुणी लावली होती, हेही आता सांगायला नको होतं. “माझाच पाय घसरला,” असं सासूबाई सगळ्यांना सांगत राहिल्या होत्या.

आता ती जिंकली होती. ताई, अहो इकडे या, मी नव्हे, हे बघा कोण, एवढंच म्हणायचं होतं. ती खुर्चीपाशी गेली.

“बाबा, आज पहिल्याच पानावर चूक आहे.”

“हो ना,” सासरे म्हणाले. “बघितली मी मघाशी.”

“कुठली?”

सासऱ्यांनी पेपर उचलला. डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, मान तिरकी करून कडेनं बघितलं. ‘पाणीपुरठा सुरळीत’ असा बोटभर उंच मथळा होता, ‘व’ खाऊन टाकलेला. त्यांचं बोट कागदावर फिरलं, मथळ्याच्या वर, खाली, फोटोवर, आणि तिथंच थांबलं.

सूनबाईनं हळूच पेपर काढून घेतला.

“राहू दे, बाबा. फार मोठी नाहीये.”

दोघांनी एकमेकांकडे तोंडं केली. तिच्या मनात त्या क्षणी एवढंच आलं, की या माणसाला आता मी काय करू?

७

“चला, निघा,” नणंद आत आली, मागून नवरा. “टॅक्सी बोलावली आहे. बाबा, मी ठरवलंय, आई माझ्याकडे येईल. हिला मी बोलले आहे. निदान ही कबूल तरी करू दे, म्हणजे पुढं माझ्यावर ठपका नको, की आईला उगीच पळवून नेली.”

सूनबाईनं सासऱ्यांकडे बघितलं. ते खुर्चीचे हात घट्ट धरून बसले होते. खोटं बोलवत नाही आणि खरं सांगवत नाही, असं ते तोंड होतं. तिला सासूबाईंचा आवाज आठवला. ती मीच टाकली तिच्या पर्समध्ये, माझाच वेंधळेपणा.

खिडकीजवळच्या पलंगाकडे तिनं एकदा बघून घेतलं.

“हो ताई,” ती म्हणाली. “माझंच चुकलं. किल्ल्या आत टाकल्या, झाकण आपटलं, आणि डिकी लागली.”

नणंदेनं सुस्कारा सोडला. नवऱ्यानं मान फिरवली. झालं, संपलं.

“चूक.”

सासऱ्यांनी हात वर केला होता. अगदी तस्साच, प्रूफ तपासताना करायचे तसा. तो हात खाली घ्यायचं मात्र ते विसरून गेले.

“बाबा, राहू दे ना,” सूनबाई कळवळून म्हणाली.

“कसं राहू देऊ? चुकीचा शब्द आहे.” त्यांचा आवाज फुटला. “ती डिकी लागत नाही. लावावी लागते. लागली नाही ती. लावली. मी लावली.”

त्यांनी खिशातून चष्म्याची डबी काढली आणि चाचपडत उघडली. आत चष्मा नव्हता. एक जुनी किल्ली होती.

“चष्म्याचा काही उपयोग राहिला नाही,” ते म्हणाले. “मधलं सगळं पुसल्यासारखं झालंय. तुमची तोंडंसुद्धा. कडेकडेनं दिसतं, तेवढ्यावर भागवतो. तिला माझ्याच गाडीतून आणीन म्हणून सगळ्यांना सांगून बसलो, आणि आता नाही म्हणू कोणत्या तोंडानं? वाटलं, किल्ल्या आत राहिल्या की आपोआपच टॅक्सी येईल. कुणाचं काही जाणार नाही.” ते थांबले. “वॉकर दिसला नाही मला. देवाशपथ, दिसला नाही. आणि ही पोर माझ्यासाठी...”

नणंद तिथंच खाली बसली आणि वडिलांचे गुडघे धरून रडायला लागली. “बाबा, अहो सांगायचं ना. सांगायचं ना आम्हाला.” नवरा उगाचच खिडकीचा पडदा सरकवत उभा राहिला. काय करावं ते कुणालाच कळत नव्हतं. डोळे काही किल्लीसारखे फटीतून हात घालून काढता येत नाहीत.

मग सासऱ्यांनी ती किल्ली पुढे केली. अंदाजानं, जिथून सूनबाईचा श्वास ऐकू येत होता तिकडे.

“तुझं लायसन्स आहे ना?”

“आहे, पण बाबा, तुम्ही मला कधी हात लावू...”

“चालव,” ते म्हणाले. “आणि पार्किंगमधून काढताना खांब सांभाळ. एवढं मला न बघताही माहीत आहे.”

नणंदेनं टॅक्सी परत पाठवली. गाडीत जागा राहावी म्हणून नवरा घरीच थांबला. वॉकर तिनंच उचलून डिकीत ठेवला, आणि डिकी सूनबाईनं लावली.

परत येताना सासरे पुढे, सूनबाईच्या शेजारी. सासूबाई मागे, पाठीशी उशी, लेकीच्या आधारानं पाय लांब केलेले. स्टिअरिंगवर सुनेला बघितल्यावर त्यांनी नवऱ्याच्या खांद्यावर नुसता हात ठेवला होता. विचारलं काहीच नाही.

पहिला चौक आला आणि सवयीनं त्यांच्या तोंडून निघालंच, “अहो, लाल लागला बघा.”

“दिसला, आई,” सूनबाई म्हणाली.

“दिसला का?” सासूबाई म्हणाल्या. “बरं झालं गं बाई.” आणि त्यांनी मान मागे टाकून डोळे मिटले. बघता बघता त्यांना झोप लागली.

सासरे समोर तोंड करून ताठ बसले होते. गाडी अजून चौकातच थांबलेली, आजूबाजूला हॉर्न. थोड्या वेळानं त्यांनी मान न वळवता, अगदी हळू आवाजात विचारलं, “झाला का गं हिरवा?”